डोंगराच्या पायथ्याशी न्याहारी: हाँगकाँगचं छुन लुंग

त्सुन वान. हाँगकाँग मेट्रोच्या लाल मार्गावरचं शेवटचं स्टेशन. इथून हिरव्या छताची ८० नंबरची मिनीबस पकडायची. सगळ्या सीट भरल्या असतील तर पुढच्या गाडीची वाट पाहायची, कारण उभ्यानं प्रवास इथे चालत नाही. रूट ट्विस्क या घाटरस्त्यानं गाडी चढू लागते, उंच इमारती खाली राहतात आणि ताई मो शानच्या उतारावरचं छुन लुंग येतं. हे हाक्का या चिनी समाजाचं जुनं गाव.

कँटोनीज, म्हणजे दक्षिण चीनच्या या भागातलं, खाणं शोधत पाहुणे बहुधा शहरातल्या सेंट्रल नाहीतर त्सिम शा त्सुई या गजबजलेल्या भागांत रांगा लावतात. त्यांनी एक सकाळ इथे घालवावी.

गावातलं दुएन की हे चहाघर पाहा. किटली आपण घ्यायची, चहा आपणच करायचा. बांबूच्या करंड्या वाफाळत असतात, हवी ती उचलून टेबलावर आणायची. पहिली करंडी ‘हार गाव’ची घ्या, म्हणजे कोळंबी भरून उकडलेल्या पुरचुंड्यांची. उकडीच्या मोदकासारखीच याची परीक्षा पारीवर होते: आतली कोळंबी दिसेल इतकी पातळ, तरी काड्यांनी उचलताना फाटू नये अशी. मग सिउ माई, म्हणजे डुकराच्या मांसाच्या वरून उघड्या पुरचुंड्या, मग छा सिउ पाव, म्हणजे भाजलेलं डुकराचं मांस भरलेला वाफवलेला पाव. कुणी कपात चहा ओतला की बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायचं, हे इथलं आभार मानणं.

आणि ही पालेभाजी चुकवू नका. वॉटरक्रेस. गावाच्या वाफ्यांत डोंगरातून येणाऱ्या पाण्यावर वाढते, हिवाळ्यात सगळ्यात कोवळी मिळते. कच्ची असताना ती मोहरीसारखी तिखट लागते, उकळत्या पाण्यातून काढली की तो तिखटपणा सौम्य होतो.

शाकाहारी प्रेक्षकांनी जपून राहावं. मुळ्याची वडी निरुपद्रवी दिसते, पण तिच्यात बहुतेकदा सुकी कोळंबी आणि सॉसेज असतं. भाजीवर ऑयस्टर सॉस घालायचीही पद्धत आहे. काय चालत नाही ते चिनी लिपीत लिहून जवळ ठेवा. मंचुरियन मात्र शोधू नका, तो मुंबईत जन्मला.

पोट भरलं, आता चालूया. समोरचा ताई मो शान ९५७ मीटर, हाँगकाँगमधला सर्वांत उंच डोंगर. याच्या उतारांवर एकेकाळी चहाचे मळे होते, त्यांच्या पायऱ्या अजून ओळखू येतात. वर जायला पक्का रस्ता आहे, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गर्दी होते आणि शेवटी रडार केंद्राचं कुंपण आडवं येतं. त्यापेक्षा लुंग मुनची पायवाट धरा. झाडीतून ती शिंग मुनच्या जलाशयाकडे उतरते. वाट फार लांब नाही आणि आठवड्याच्या मधल्या वारी बरीच निवांत असते.

जलाशय पाहताना थोडं थांबावंसं वाटतं. या खोऱ्यात हाक्का गावं होती, अननसाची लागवड होती. शहराला पाणी हवं म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस गावकऱ्यांना उठवण्यात आलं आणि १९३७ मध्ये जलाशय पूर्ण झाला. त्या लागवडीची आठवण आता इथल्या एका धरणाच्या नावात आहे: पाइनॅपल डॅम. ज्या गावांच्या जमिनीवर शहराची तहान भागली, त्यांची माहिती घेऊनच इथून पुढे जावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

इथे माकडं पुष्कळ आहेत. त्यांना खायला देणं गुन्हा आहे, आणि हातातली प्लास्टिकची पिशवी दिसली की ती झडप घालतात. खाऊ सॅकच्या आत ठेवा. वाटेवरच्या कचरापेट्या काढून टाकल्या आहेत, तेव्हा आपला कचरा आपणच परत न्यायचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चालण्याचा काळ. उन्हाळ्यात निघण्याआधी वादळाचा आणि पावसाचा इशारा तपासा, पावसाचा इशारा काळा किंवा लाल असेल तर बेत रद्द करा.

पाइनॅपल डॅमपाशी ८२ नंबरची मिनीबस मिळते. ती परत त्सुन वानला सोडते.