अंगावर येणारा कुत्रा

श्रोतेहो, नमस्कार. बेल वाजली की पाहुण्याच्या छातीवर पंजे टेकवणारा, आपण जेवायला बसलो की कोपराखाली नाक घालून हात उडवणारा कुत्रा पुष्कळ घरांत असतो. ‘डोक्यावर बसलाय, मालक कोण ते दाखवा त्याला,’ असा सल्लाही मिळतो. या समजुतीमागे लांडग्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेली, बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं आहेत: कळपात वरचढ कोण यासाठी झगडा चालतो, अशी. पण रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि पिल्लं, हे लांडग्यांचेच अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९९९ साली दाखवून दिलं. तेव्हा कुत्र्याला उताणं पाडून दाबणं सोडाच. त्यानं भीती वाढते, चावाही बसतो.

उडी मारली की लक्ष मिळतं, म्हणून तो उडी मारतो. ओरडणं, ढकलणं हेही त्याच्या लेखी लक्षच. म्हणून छातीपट्टा घालून त्याची दोरी जड पलंगाला बांधा. पाहुण्यानं दोरीच्या टप्प्याबाहेर उभं राहावं. चारही पाय जमिनीवर आले की सेकंदाभरात हरभऱ्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा जमिनीवर टाका. वर धरलात तर तो पुन्हा उडी मारणारच! उडी मारली तर पाहुण्यानं पाठ फिरवायची. बोलायचं नाही, बघायचं नाही. एका वेळी पाच मिनिटं पुरे.

सुरुवातीला उड्या वाढतात, कारण पूर्वी चालणारी युक्ती तो अधिक जोरात करून बघतो. नेमकं तेव्हाच आजोबा म्हणतात, ‘असू दे रे, लाडात आलाय.’ झालं! कधीतरी मिळणाऱ्या लाडानं सवय आणखी पक्की होते. घरात सगळ्यांचा नियम एकच हवा, आजोबांचासुद्धा.

आता महत्त्वाचं. अंग सैल, कंबर लचकतेय, तोंड उघडं, तर तो निव्वळ आगाऊपणा. पण अंग ताठ, तोंड मिटलेलं, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, शेपूट उंच आणि फक्त टोक थरथरतंय, तर हा कुत्रा खूश नाही, शेपूट हलत असली तरी. हात मागे घ्या, अंग तिरकं करा, त्याला निघायला वाट द्या. गुरगुरला म्हणून मारू नका. गुरगुरणं दाबलं गेलं की पुढच्या वेळी तो इशारा न देता चावू शकतो. शांत कुत्रा अचानक असा वागू लागला, तर कान, दात, सांधे पशुवैद्यांकडून तपासून घ्या. आणि तोवर लहान मुलांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका.