खेळात लेव्हल वाढली, वाचनात काय?

(लातूर येथे पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

लातुरात क्लास कसा निवडायचा हे आपल्याला कुणी शिकवायला नको. निकाल काय, फी किती, शिकवणारा कोण, सगळं आपण खोदून विचारतो. तेच आपण, लेकराला वाचता येत नाही म्हटलं की ‘मेंदूचे खेळ खेळवून वाचन सुधारतो’ म्हणणाऱ्या अ‍ॅपच्या पहिल्याच डेमोला पैसे भरून मोकळे होतो. धास्तावलेला माणूस प्रश्न विचारत नाही, हे विकणाऱ्यांना बरोबर ठाऊक असतं.

आधी अडतंय कुठं ते बघा. डोळे आणि कान तपासून घ्या. मग लेकराला शाळा किती मिळाली ते मोजा. बीडकडची कितीतरी लेकरं दिवाळीच्या सुमारास आईबापासोबत ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास गावी परततात. त्यांचं वाचन मागं राहिलं तर ती लगेच अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशार असून, शाळा मिळूनही वाचण्या-लिहिण्यात कायम अडणं, ठरत नाही. शाळाच बुडालेली असते. पण रोज शाळेत जाणारं, गोष्ट तोंडी झकास सांगणारं लेकरू चौथीतही ‘प्रकाश’ला ‘पकाश’ म्हणत असेल, ‘घ’ आणि ‘ध’मध्ये अडकत असेल, तर तपासणी हवीच. आणि ती मराठीतून करा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी केली आहे, ती मराठीतही आहे.

आता त्या अ‍ॅपबद्दल. चौकोन चमकतात, त्यांचा क्रम लक्षात ठेवायचा, लेव्हल वाढत जाते. लेव्हल खरंच वाढते, त्यात फसवणूक नाही. फक्त वाढतं ते चौकोन लक्षात ठेवण्याचं कसब. त्यानं वाचन किंवा गणित सुधारतं, याला संशोधनातून भक्कम आधार मिळालेला नाही. जाहिरातीत मात्र नेमकं तेच सांगतात. ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी 2016 मध्ये ‘ल्युमोसिटी’ या अशाच मेंदूच्या खेळांच्या कंपनीला अशाच दाव्यांबद्दल 20 लाख डॉलर भरायला लावले. आपल्याकडचं ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’ नावाचे क्लास तर त्याच्याही पुढचे. डोळ्यांवर पट्टी बांधून पोरं वाचतात म्हणे! नाकाच्या बाजूची फट नीट बुजवा, मग बघा.

वाचन सुधारतं ते वाचनच शिकवून. त्याला टॅब लागत नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं, जेवणाआधी, टीव्ही बंद करून बसा. सुरुवात तोंडी करा: ‘कमळ’मधला ‘क’ काढला तर काय उरतं? ‘मळ’. ‘म’ काढून ‘प’ घातला तर? हे जमायला लागलं की पाटीवर या. ‘प्र’ अख्खा दाखवून पाठ करून घेऊ नका. पाय मोडलेला ‘प्’ लिहा, शेजारी ‘र’ लिहा, दोन्ही जोडून म्हणायला लावा, मग त्या ‘र’ची एक तिरपी रेघ कशी होते ते लेकराच्या हातानं काढून घ्या. एका आठवड्यात एवढं एकच जोडाक्षर. शेवटी चार-पाच ओळींचा उतारा आधी तुम्ही वाचा, मग दोघं मिळून, मग तो एकटा. अडखळला तर शब्द सांगून टाका. “अरे, कालच तर शिकवलं होतं” एवढं वाक्य गिळा. आईला वाचता येत नसेल तर मोठी बहीण बसू दे, शेजारची ताई बसू दे.

तरीही कुणी पॅकेज घेऊन आलंच, तर त्याला विचारा: तुमच्या खेळात माझं लेकरू मराठी अक्षरं वाचणार आहे का? सुरुवातीला आणि दोन महिन्यांनी न पाहिलेला उतारा वाचून घेऊन चुका मोजणार का? फरक पडला नाही तर पैसे परत देणार का? पहिल्याच उत्तराला गडी चाचपडला तर चहा पाजून वाटेला लावा.

एक कागदाचं काम राहिलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिकही मिळतो. बोर्डाकडचा अर्ज शाळेमार्फत जातो. दहावीचे फॉर्म भरायची वेळ आली की सिव्हिल हॉस्पिटलात धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीतच मुख्याध्यापकांना भेटा.