अंगी लागलेले पोहे (लघुमाहितीपटाचे निवेदन)

(दृश्य : राजवाड्याचा परिसर, पहाट. परातीतून उठणारी वाफ.)

इंदूरची सकाळ पोह्यांच्या वाफेने सुरू होते. उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर ठेवलेल्या या परातीत पोहे बराच वेळ गरम आणि मऊ राहतात, आणि ते बशीत वाढल्यावरच त्यांच्यावर शेव, कांदा, कोथिंबीर, डाळिंबाचे दाणे आणि जीरावन हा इंदुरी मसाला पडतो. सर्वांत शेवटी पिळली जाते ती लिंबाची फोड. तिच्याकडे नीट पाहावे, कारण या निवेदनाचा बराचसा भाग तिच्याविषयीच आहे.

(दृश्य : लोकमान्य नगरातील एका घराचे स्वयंपाकघर.)

लोकमान्य नगरातल्या या मराठी घरात पोहे कढईत परतले जातात. परंतु इंदुरात पिढ्या गेल्यामुळे फोडणीत बडीशेप आली आहे आणि मसाल्याच्या डब्याशेजारी जीरावनाची बाटली कायमची बसली आहे. नात घाईने घास गिळते आहे आणि आजी तिला सांगते आहे, “सावकाश खा गं, अंगी लागू दे.” आजींचे हे शब्द शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहेत. पोटात जाणे आणि अंगी लागणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि त्यांच्या दरम्यान सुमारे 6 मीटर लांबीचे लहान आतडे पसरलेले आहे.

(दृश्य : चावणारा जबडा, जवळून.)

पोहे तयार होतानाच साळीला भिजवून आणि उष्णता देऊन चपटे केलेले असते, त्यामुळे त्यांतील पिष्ट आधीच मऊ झालेले असते आणि लाळेतील विकर त्यावर तोंडातच काम सुरू करते. तोच घास थोडा अधिक वेळ चघळला तर जिभेला जी पुसट गोडी जाणवते, ती त्या पिष्टापासून सुटू लागलेल्या साखरेची असते.

(दृश्य : दुर्बिणीतून दिसणारे जठराचे अस्तर.)

गिळलेला घास काही सेकंदांत अन्ननलिका ओलांडून या गुलाबी, घड्या पडलेल्या पिशवीत पोहोचतो. येथील आम्ल तीव्र असते. ते शेंगदाण्यांतील आणि शेवेच्या बेसनातील प्रथिनांची वळणे उलगडते, पेप्सिन हे जठरातील विकर त्यांचे तुकडे करते, आणि याच आम्लात अन्नातील लोह विरघळते. जठराच्या भिंतीवर श्लेष्माचा थर नसता तर या आम्लाने स्वतः जठरालाही सोडले नसते.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालील काच. रंगवलेला छेद.)

ही दाट उभी बोटे म्हणजे लहान आतड्याच्या आतील अंकुर. प्रत्येक अंकुरावर पेशींचा एकच थर असतो आणि त्या पेशींच्या माथ्यावर आणखी सूक्ष्म केसाळ उंचवटे असतात. अलीकडच्या मोजणीनुसार पचनमार्गाच्या आतील पृष्ठभाग सुमारे 30 चौरस मीटर, म्हणजे बॅडमिंटनच्या मैदानाच्या जवळजवळ निम्मा भरतो. ग्लुकोज आणि अमिनो आम्ले येथून यकृताकडे जाणाऱ्या रक्तात उतरतात, तर फोडणीतले तेल पित्ताच्या साहाय्याने फुटून पुढे लसिकावाहिनीच्या वाटेने जाते.

लोहाची वाट मात्र अरुंद आहे. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतील लोह बहुतांशी फेरिक, म्हणजे पेशीला थेट न घेता येणाऱ्या, रूपात असते, आणि जठरानंतर लागणाऱ्या आतड्याच्या पहिल्या, सुमारे 25 सेंटीमीटरच्या भागात आम्लता घटताच ते रूप न विरघळणारे होऊन निसटू लागते. लोहाचे शोषण तर मुख्यतः याच भागात होते, आणि पेशीच्या माथ्यावरील द्वार फेरस या दुसऱ्या रूपातीलच लोह आत घेते. शेंगदाण्यांत आणि बेसनात असलेली फायटेट द्रव्येही लोहाला धरून ठेवतात. परिणामी शाकाहारी जेवणातील लोहाचा साधारण दहावा भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी, रक्तापर्यंत पोहोचतो.

(दृश्य : लिंबाची फोड पिळली जाते. संथ गती.)

लिंबातील क जीवनसत्त्व येथे दोन कामे करते: ते फेरिक लोहाचे फेरस रूप करते आणि लोहाला स्वतःशी जोडून विरघळलेल्या अवस्थेत टिकवते. मात्र हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होत जाते, म्हणून लिंबू कढईत शिजवण्याऐवजी बशीत, खाण्याच्या क्षणी पिळणे अधिक उपयोगाचे. परातीवरचा पोहेवाला नेमके हेच करतो, आणि तो केवळ चवीसाठी करत असला तरी आतड्याच्या दृष्टीने त्याची वेळ अगदी योग्य आहे.

(दृश्य : कपात ओतला जाणारा चहा.)

याच बशीशेजारी चहाचा कप आला की उलट घडते. चहातील टॅनिने, म्हणजे तुरट द्रव्ये, लोहाशी बांधली जातात आणि तो संयोग आतड्याच्या पेशीला उचलता येत नाही. दुधाने किंवा साखरेने हा परिणाम पुसला जात नाही. जेवण आणि चहा यांत तासभराचे अंतर मात्र उपयोगी पडते.

(दृश्य : पुन्हा अंकुर. कडेवरून सुटणाऱ्या पेशी.)

आत आलेले लोहही लगेच रक्तात जाते असे नाही. शरीराला गरज नसेल तर पेशी ते फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात ठेवते, आणि अंकुरावरील पेशी 3 ते 5 दिवसांत झडून जात असल्याने न वापरलेले लोह त्यांच्याबरोबरच बाहेर पडते. प्रौढ शरीरात एकूण 3 ते 4 ग्रॅम लोह असते, त्याचा मोठा हिस्सा हिमोग्लोबिनमध्ये, आणि रोज नव्याने जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम आत घेतले जाते. इतक्या काटकसरीने चालणारा हिशेब अन्य पोषकद्रव्यांच्या बाबतीत क्वचितच दिसेल.

2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, आणि ज्यांना तो जडला आहे त्यांना लिंबू पुरेसे नाही, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याच लागतात.

(दृश्य : स्वयंपाकघर, सकाळचे दहा.)

पोहे खाऊन दीड तास झाला आहे. त्यांचा काही भाग अजून जठरात आहे, काही आतड्यात उतरला आहे. आजी आता गॅसवर चहाचे आधण ठेवत आहेत, आणि ओट्यावर पिळलेल्या लिंबाची साल तशीच पडली आहे.