हा काजू कुठला?

[दृश्य: म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. काजूच्या ढिगावरून फिरणारा हात.]

सालीसकट भाजलेल्या काजूचा ढीग. गिऱ्हाईक विचारतं, "गावठीच ना?" लगेच उत्तर येतं, "गावठीच. सत्तरीचा."

सत्तरी म्हणजे गोव्यातला एक तालुका. उत्तर खरं असेलही. पण भारतातले काजू कारखाने आयव्हरी कोस्ट, टांझानिया अशा आफ्रिकी देशांतून कच्च्या बिया आणतात. फोडून, भाजून झालेले दोन गर तळहातावर शेजारीशेजारी ठेवले, तर नुसत्या नजरेने त्यांचं गाव सांगणं कठीण. २०२३ साली गोव्याच्या काजूला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता येण्याचं संरक्षण, मिळालं, आणि गावठी की बाहेरचा हा वाद पुराव्याचा झाला.

[दृश्य: प्रयोगशाळा. सरकत्या मोजपट्टीत धरलेला एक गर.]

समजा, सत्तरीतल्या बागांमधून खात्रीच्या बिया घेतल्या आणि आफ्रिकेतून आलेल्या पोत्यांमधूनही खात्रीच्या बिया घेतल्या. प्रत्येक गराची लांबी, रुंदी, जाडी आणि वजन मोजलं. मग गर आम्लात विरघळवून त्यातलं मँगनीज, जस्त, स्ट्रॉन्शियम मोजलं. कारण झाड ज्या मातीत वाढतं, तिथली खनिजं कमीअधिक प्रमाणात गरात उतरतात. एकट्या लांबीवर निवाडा होत नाही. एकट्या जस्तावरही नाही. दोन्हीकडचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात.

इथे डिस्क्रिमिनंट ॲनालिसिस, म्हणजे विभेदक विश्लेषण, कामाला येतं. प्रत्येक मापाला एका ठरावीक आकड्याने गुणायचं आणि सगळ्यांची बेरीज करायची. झाला त्या गराचा एकच गुण. गुणायचे आकडे मात्र असे शोधायचे, की दोन गटांच्या सरासरी गुणांत भरपूर अंतर पडावं आणि एकाच गटातले गर एकमेकांच्या जवळ राहावेत. लांब गर बहुधा जडही असतो. मग तीच गोष्ट दोनदा मोजली जाऊ नये, याचीही सोय या गणितात आहे. मला त्यातलं हेच सगळ्यांत देखणं वाटतं.

[दृश्य: आयरिसची जांभळी फुलं.]

विभेदक विश्लेषणाची ही रीत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली मांडली. उदाहरण होतं आयरिसच्या तीन जातींच्या १५० फुलांचं, प्रत्येक फुलाची चार मापं. त्याच वर्षी कलकत्त्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी गटांमधलं अंतर मोजण्याचं आपलं सूत्र प्रसिद्ध केलं. १९४८ साली भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी हे काम दोनपेक्षा जास्त गटांपर्यंत नेलं. पुढे १९६८ साली अमेरिकेतले वित्ततज्ज्ञ एडवर्ड ऑल्टमन यांनी ६६ कंपन्यांच्या हिशेबांवर हेच गणित चालवून दिवाळखोरीचा अंदाज बांधला. मासळीच्या अंगावरची अंतरं मोजून तिचे साठे, म्हणजे एकाच जातीचे समुद्रातले वेगवेगळे समूह, ओळखायलाही संशोधक ते वापरतात.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. फिशर यांचा निबंध युजेनिक्सच्या, म्हणजे माणसांची पैदास 'सुधारू' पाहणाऱ्या विचाराच्या, नियतकालिकात छापला गेला होता. या गणिताने माणसांची डोकीही मोजली आणि त्यांचे गट पाडले. गट कोण ठरवतं आणि कशासाठी, हा प्रश्न गणिताच्या आधी विचारावा लागतो.

[दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. बंद पाकिटांची रांग.]

आता निकालाकडे. समजा, आपली चाचणी शंभरात नव्वद वेळा बरोबर ठरते. ऐकायला उत्तम. बाजारातून १०० पाकिटं उचलली. त्यांत गोव्याची १० आणि बाहेरची ९०. गोव्याच्या दहांतली ९ चाचणी ओळखेल. बाहेरच्या नव्वदांतलीही ९ ती चुकून गोव्याची ठरवेल. म्हणजे 'गोव्याचा' असा शिक्का बसलेल्या १८ पाकिटांपैकी निम्मी बाहेरची! म्हणून बाजारात मुळात कुठला माल किती, याचा अंदाज गणितात आधीच घालावा लागतो. नमुने कमी आणि मापं ढीगभर असली, तर गट खरोखर वेगळे नसले तरी कागदावर हमखास वेगळे दिसतात. हा भास ओळखण्यासाठी एकेक गर बाजूला ठेवायचा, उरलेल्यांवर सूत्र बसवायचं आणि बाजूला ठेवलेला ओळखता येतो का, ते पाहायचं. एवढं केल्याशिवाय कुणी यशाची टक्केवारी सांगितली, तर तिच्यावर विसंबू नये.

सगळ्यांत अवघड प्रश्न गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे आहे. सिंधुदुर्गातही जांभ्याची जमीन आहे, काजूच्या बागा आहेत. आपण गणिताला सत्तरी आणि आफ्रिका हे दोनच गट शिकवले असतील, तर सिंधुदुर्गातल्या दोडामार्गचा गर ते या दोहोंपैकी एकात बसवणारच. "हा तिसरा आहे" असं ते आपणहून म्हणत नाही. म्हणून गोव्याच्या प्रत्येक तालुक्यातले, शेजारच्या दोडामार्ग-सावंतवाडीचे आणि कारवारकडचे खात्रीचे नमुने, तेही एकाच हंगामाचे नव्हेत, आधी जमवावे लागतील. हे काम संगणकाचं नाही. बागायतदाराच्या अंगणात, बिया वाळत घातलेल्या असताना, पिशवीवर गावाचं आणि वर्षाचं नाव लिहून ते करायचं आहे.