फिरत्या प्रेक्षकांचं नाटक

जत्रेतला प्रेक्षक बसत नाही, मंडळी. हातात चिरमुऱ्यांची पुडी, खांद्यावर पोर, अर्धं लक्ष पाळण्याकडं. अशा माणसापुढं जुन्या काळचं नाटक करायचं म्हटल्यावर घरातलेच म्हणाले, "बघणार कोण?"

मला आधी किर्लोस्करांचं नाटक करायचं होतं. अण्णासाहेब आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, अभिमानाची गोष्ट! पण १८८० च्या 'शाकुंतला'ला बसलेला प्रेक्षक लागतो. मधेच आलेल्याला दुष्यंत बायकोला का विसरला, हे कोण सांगणार? म्हणून आणखी मागं गेलो, विष्णुदास भाव्यांकडं. १८४३ मध्ये सांगलीत त्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, त्याला निमित्त कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ. हे सांगताना आपल्याकडं काहींचा आवाज जरा बारीक होतो. का, ते मी सांगायला नको.

त्या खेळात कथा सूत्रधार पदांतून ओढून नेतो. पात्रं आयत्या वेळी सुचेल तसं बोलतात. जत्रेला हेच सोयीचं. नवी माणसं आली की सूत्रधार एक पद म्हणतो आणि कथा पुन्हा रुळावर. शेजारी विदूषक होताच. कन्नड बोलणारी मंडळी थबकली की तो ओरडायचा, "यार बंदार?" 'श्रीकृष्ण पारिजात' या कानडी लोकनाट्याचे खेळ बघितलेल्या म्हाताऱ्यांना त्यातला सूत्रधारासारखा भागवत कोण, दूती कोण, हे काय शिकवायचं? ते आमच्याआधी हसायचे.

माईक नाही, हा आमचा हट्ट. जागा मिळाली नेमकी पाळण्याच्या कर्ण्याशेजारी! नांदी कुणालाच ऐकू गेली नाही. मग राक्षस आला. तोंडाला काजळ, हातात तलवार, आणि "अलल डुर्र!" भेळवाल्याचा झारा थांबला. या आरोळीला पुढच्या लोकांनी नावं ठेवली, अख्ख्या नाटकांना 'अललडुर्र' म्हणून हिणवलं. त्या संध्याकाळी मला वाटलं, हिणवणाऱ्यांनी जत्रेत उभं राहून बघायला हवं होतं.

फजितीही सांगतो. धनुष्य बांबूचं, वर सोनेरी कागद. रावणानं ते उचलताना कोसळायचं. आमचा रावण गर्दी बघून चढला आणि धनुष्य सरळ डोक्यावर! सीता झालेला मुलगा पदर तोंडात कोंबून हसायला लागला. राम मागं विडी ओढत होता, तो तसाच धावत आला. विदूषक तेवढा शुद्धीवर. म्हणाला, "महाराज, ठेवा खाली. जनकराजा अजून जेवतोय, तो बघायच्या आत पुन्हा एकदा पडून दाखवा."

रावण पडला. टाळ्या त्यालाच जास्त मिळाल्या. रात्रीच्या खेळाला आम्ही धनुष्याच्या दोन्ही टोकांना एकेक वीट बांधली. आता ते रामालाही उचलेना.