सायकलवरचं नाव सगळ्यात शेवटी वाचा

नमस्कार मंडळी. माझ्या शेजारी उभी आहे ती निळी इटालियन रेसिंग सायकल. नळीवर एक आडनाव लिहिलंय, पण ते कुठल्याही प्रसिद्ध कारागिराचं नाही. अशी सायकल हाती आली की माणसं दोनपैकी एक चूक करतात. 'नाव माहीत नाही म्हणजे भंगार', नाहीतर 'इटालियन आहे म्हणजे घबाड'.

इटलीत सायकलच्या अनेक दुकानदारांनी फ्रेम दुसऱ्या कारागिराकडून बनवून घेतली आणि वर स्वतःचं नाव घातलं. म्हणून नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा. स्टिकर नवेही मिळतात. आधी धातू वाचायचा.

सायकल उलटी करू. पेडलचे दोन दांडे, म्हणजे क्रँक, ज्या आसाला जोडलेले असतात तो आस ज्या आडव्या नळीत बसतो, तो बॉटम ब्रॅकेट. व्हर्निअर लावा: इटालियन मापाची रुंदी ७० मिलिमीटर, इंग्लिशची ६८. इटालियनमध्ये दोन्ही बाजूंचे आटे उजवे असतात, इंग्लिशमध्ये चेनच्या बाजूचे डावे. पाना लावण्याआधी हे बघाच, नाहीतर उलटं फिरवून आटे खराब कराल.

इथे '५६' असा ठसा आहे. हे १९५६ साल नव्हे! बहुतेक वेळा ते फ्रेमचं सेंटिमीटरमधलं माप असतं. आणि बॉटम ब्रॅकेटवर 'चिनेल्ली' हे नामांकित इटालियन नाव कोरलेलं दिसलं तरी लगेच हुरळून जाऊ नका. चिनेल्लीनं घडवलेले सुटे भाग इतर कारागीरही वापरायचे.

मग साल कसं ठरवायचं? माझा सगळ्यात आवडता भाग हाच, कारण सायकलचे भाग बनवणाऱ्या कॅम्पान्योलो या इटालियन कंपनीनं आपल्या भागांवर साल लिहून ठेवलंय. क्रँकच्या मागे बघा: पत्त्यातल्या चौकटीसारख्या खुणेत ८. चौकट म्हणजे सत्तरचं दशक, म्हणून १९७८. आकड्याभोवती गोल असता तर ऐंशीचं दशक. मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागावर (हा कॅम्पान्योलोचाच न्यूओवो रेकॉर्ड), 'पेटंट-७८'. चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, म्हणजे हबच्या लॉकनटवर पुन्हा ७८. डिरेलर कुणीही बदलतं, पण हबचा नट बदलायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. तिघांची साक्ष जुळली, म्हणजे हे भाग बहुधा सुरुवातीपासून एकत्र आहेत. मागचं चाक बसतं त्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं अंतर १२६ मिलिमीटर, सहा गिअरचं. तेही या काळाशी जुळतं. १२० असतं तर पाच गिअरची जुनी पद्धत, १३० असतं तर बरीच नंतरची.

आता नळ्या. सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, २७.२ मिलिमीटर असं कोरलंय, म्हणजे नळ्या पातळ आणि चांगल्या असण्याची शक्यता मोठी. खात्री हवी तर पुढचा फोर्क काढा आणि त्याच्या दांड्यात खालून बोट घाला. आत पाच पीळदार कंगोरे लागले की कोलंबस या इटालियन नळी-कंपनीची वरच्या दर्जाची नळी. कोलंबसचं कबुतराचं स्टिकर उडून गेलं असलं तरी हे कंगोरे जागेवरच असतात.

कारागिराची सही शोधायची ती जोडांवर. नळ्या जिथे जुळतात तिथल्या धातूच्या बाहीला लग म्हणतात. कोल्नागो या प्रसिद्ध कारागिराचा पत्त्यातला किलवर कधी लगमध्ये कोरलेला सापडतो. दे रोझा या दुसऱ्या प्रसिद्ध कारागिराचा पत्त्यातला बदाम. आमच्या या सायकलवर किलवर नाही, बदाम नाही, पण लगच्या कडा इतक्या बारीक कानशीनं घासल्यात की हात फिरवत राहावं. काम कुणाचं का असेना, मन लावून केलेलं आहे.

किमतीकडे वळण्याआधी पुढच्या जोडाच्या मागे, वरच्या आणि खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवा. सुरकुती लागली तर समोरून धडक बसलेली आहे, आणि मग बाकी हिशोब संपला. सीटपोस्ट आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) हलतात का तेही पाहा, गंजून अडकले असतील तर किंमत उतरते. क्रँकच्या फाट्यांच्या बेचक्यात भेगा शोधा.

मूळ रंग खरवडलेला असला तरी राहू द्या. मी एकदा थिनरनं पुसताना मूळ अक्षरंच घालवली, त्याची खंत अजून आहे. मूळ रंगाला नव्या चकचकीत रंगापेक्षा जास्त मोल येतं. मध्यम मापाची फ्रेम लवकर विकली जाते. आणि इटलीतल्या टस्कनीतल्या लेरोइका या जुन्या सायकलींच्या सोहळ्यामुळे १९८७ पर्यंतच्या, खालच्या नळीवर गिअरचे खटके असलेल्या सायकलींना गिऱ्हाईक टिकून आहे.

आकडा काढताना मागितलेली किंमत पाहू नका, प्रत्यक्ष झालेली विक्री पाहा. तशाच नळीची, त्याच काळाची, अनोळखी नावाची फ्रेम कितीला गेली? मग भागांची किंमत वेगळी मांडा. अनोळखी नावाच्या सायकलीत भाग बऱ्याचदा फ्रेमपेक्षा महाग निघतात, म्हणूनच लोक अशा सायकली सुट्या करून विकतात. मला ते बघवत नाही. जुळलेले भाग एकदा पांगले की ७८ची ती तीन साक्षीदारांची जुळणी पुन्हा होत नाही.

तुमच्याकडे अशी सायकल असेल तर पूर्ण फोटोबरोबर बॉटम ब्रॅकेटची खालची बाजू, सीटजवळचा लग, फोर्कचा माथा, क्रँकची मागची बाजू आणि हबचा नट, एवढे फोटो उजेडात काढून पाठवा. पुसायच्या आधी काढा.