क्लाक्सविकचा उन्हाळा

श्रोते हो, नमस्कार.

९ मे २०२० हा दिवस आठवून पाहा. आपण सगळे घरात होतो. युरोपातली जवळजवळ सगळी स्टेडियमं बंद होती. त्या दिवशी उत्तर अटलांटिकातल्या फॅरो बेटांवर फुटबॉलची लीग सुरू झाली. एरवी तिथला हंगाम मार्चमध्ये सुरू होतो, त्या वर्षी दोन महिने उशीर झाला. जगभरच्या फुटबॉलवेड्यांना पाहायला दुसरं फारसं काही नव्हतं, म्हणून ज्यांनी या देशाचं नावही ऐकलं नव्हतं तेही डोंगराच्या पायथ्याशी चाललेले ते सामने बघू लागले. मीही त्यातलाच. तेव्हापासून मी ही लीग मनापासून पाहतो, आणि तिच्याबद्दल बोलायची संधी आज मिळाली याचा मला खरोखर आनंद आहे.

त्या बेटांना इतक्या लवकर खेळायला कसं जमलं, हे सांगण्यासारखं आहे. तिथे सॅमन माशांची मोठी शेती चालते. माशांना होणारे विषाणूजन्य रोग तपासण्यासाठी देबेस क्रिस्टियानसेन या पशुवैद्यक शास्त्रज्ञाची एक प्रयोगशाळा होती. त्यांनी वेळेआधीच तयारी करून तीच यंत्रं माणसांच्या चाचण्यांना लावली. पहिल्या लाटेत १८७ रुग्ण सापडले, एकही दगावला नाही. मे महिन्यात बेटांवर रुग्ण उरला नव्हता आणि मैदानं उघडली.

आता देशाची थोडी ओळख. अठरा बेटं, वस्ती सुमारे ५४ हजार. डेन्मार्कच्या राज्यात असूनही स्वतःची संसद, स्वतःची भाषा, स्वतःचा झेंडा आणि स्वतःचा राष्ट्रीय फुटबॉल संघ. एवढ्याशा वस्तीत वरच्या गटात दहा संघ आहेत. प्रत्येक संघ दुसऱ्याशी तीनदा खेळतो, म्हणजे हंगामात २७ सामने. मार्चमध्ये सुरुवात, ऑक्टोबरात शेवट. हिवाळ्यात दिवस इतके लहान आणि वादळं इतकी की खेळणं शक्यच नसतं.

वाऱ्याबद्दल सांगायलाच हवं. पेनल्टीचा चेंडू ठिपक्यावर ठेवला की वारा तो ढकलून नेतो, आणि नियमाप्रमाणे चेंडू स्थिर हवा. मग मारणाऱ्याचा एक सहकारी गवतावर पालथा पडतो आणि चेंडूवर बोट टेकवून धरतो. मारणारा धावत येतो, बोटाच्या अगदी जवळून लाथ बसते. प्रेक्षक शांत असतात, त्यांनी हे लहानपणापासून पाहिलेलं असतं.

नैसर्गिक गवत या हवेत धड उगवत नाही, म्हणून आज सगळीकडे कृत्रिम गवताची मैदानं आहेत. १९९० साली फॅरोचा संघ पहिल्यांदा युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीत उतरला तेव्हा देशात नैसर्गिक गवताचं एकही मैदान नव्हतं, म्हणून ‘घरचा’ सामना स्वीडनमधल्या लान्सक्रूनाला खेळावा लागला. समोर ऑस्ट्रिया, जो त्याच उन्हाळ्यात विश्वचषक खेळून आला होता. फॅरोने १-० असा सामना जिंकला. गोल मारणारा तोर्किल निल्सन बुद्धिबळातही देशाचा विजेता होता. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नूदसेन डोक्यावर लोकरीची गोंडेवाली टोपी घालून खेळायचा आणि एरवी मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. ती टोपी पुढे जगभर गाजली. या विजयानंतर तोफ्तिर गावात खडक फोडून स्वांगास्कार्द इथे हिरव्या गवताचं मैदान तयार केलं गेलं, कारण पुढच्या वेळी घरी खेळायचं असं सगळ्यांनी ठरवलं होतं.

पण आज मला बोलायचं आहे ते क्लबांबद्दल. लीग सुरू झाली १९४२ साली, दुसऱ्या महायुद्धात, बेटांवर ब्रिटिश सैन्य असताना. पहिला विजेता होता क्लाक्सविक गावाचा केआय. क्लाक्सविक म्हणजे बोर्दोय बेटावरचं, दोन डोंगरांच्या मधल्या खाडीला बिलगलेलं मासेमारीचं बंदर. वस्ती पाच हजारांच्या आसपास. त्यांचा जुना प्रतिस्पर्धी राजधानी तोर्शाव्नचा एचबी. दोन्ही क्लब १९०४ साली स्थापन झालेले. एचबीची २४ विजेतेपदं आहेत, लीगमध्ये सर्वाधिक. तोर्शाव्नमध्येच दुसरा क्लब बी-३६, आणि या दोघांची मैदानं गुंदादालुरमध्ये शेजारी शेजारी. कोल्हापूरच्या श्रोत्यांना हे समजावून सांगायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, खंडोबा यांच्यात जी पेठेपेठेची चुरस असते, तिथे ती खाडीखाडीची असते. आजोबा ज्या क्लबकडून खेळले त्याच क्लबकडून नातू खेळतो. सुदुरॉय बेटावरचा तीबी हा क्लब तर १८९२ चा. तो वरच्या गटात असला की तोर्शाव्नहून जाणाऱ्या संघाला बोटीने दोन तास प्रवास करून सामन्याला पोचावं लागतं.

बरेचसे खेळाडू दिवसा नोकरी करतात. कुणी सुतारकाम, कुणी शाळेत, कुणी मासळीच्या व्यवसायात. संध्याकाळी सराव. हे सांगताना लोक बरेचदा कौतुकाच्या सुरात ‘हौशी पोरं’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. ही मुलं आठवड्यातून अनेकदा, वाऱ्यापावसात, शिस्तीने सराव करतात. त्यांच्या प्रशिक्षकांनी रीतसर अभ्यासक्रम पूर्ण केलेले असतात. पगार कमी आहे, मेहनत कमी नाही.

आणि आता २०२३ चा हंगाम.

त्या वर्षी केआयचा प्रशिक्षक होता नॉर्वेचा मॅग्ने होसेट. केआय सलग दोन वर्षं लीगविजेता होता, म्हणून चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वात मोठ्या स्पर्धेच्या, पात्रता फेरीत त्याला प्रवेश मिळाला. फॅरोचे क्लब या फेऱ्यांमध्ये पूर्वीही खेळत, पण एखाददुसरा विजय मिळाला की धन्य मानत. १९९२ साली याच केआयला लाटवियाच्या स्कोंटो रीगाने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं होतं. २०२० साली मात्र एक चमक दिसली. युरोपा लीगच्या, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या युरोपीय स्पर्धेच्या, पात्रता फेरीत त्यांनी दिनामो त्बिलिसीला ६-१ असं हरवलं आणि गटसाखळीपासून ते फक्त एक सामना दूर राहिले. तो सामना आयर्लंडच्या डंडॉककडे गेला. ही सल गावात राहिली असणार, असं मला वाटतं.

२०२३ च्या जुलैत समोर आला हंगेरीचा विजेता फेरेन्सव्हारोश. आदल्या वर्षी युरोपा लीगच्या गटात मोनाकोच्या वर पहिला आलेला हा संघ. फॅरोमध्ये ०-० बरोबरी झाली. बुडापेस्टला आता निकाल लागणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. निकाल लागलाच: केआय ३, फेरेन्सव्हारोश ०. आर्नी फ्रेडरिक्सबर्गने दोन गोल केले, ल्यूक कासीने एक. त्याच रात्री फेरेन्सव्हारोशने आपला प्रशिक्षक स्तानिस्लाव चेर्चेसोव याला काढून टाकलं. हा तोच चेर्चेसोव ज्याने २०१८ च्या विश्वचषकात रशियाला उपांत्यपूर्व फेरीत नेलं होतं. माणूस मोठा, पण त्या रात्री क्लाक्सविक मोठं ठरलं.

पुढची फेरी स्वीडनच्या विजेत्या हेकनशी. इथे एक तांत्रिक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर सगळं अवलंबून होतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आपापल्या देशाच्या विजेत्यांसाठी राखलेल्या मार्गाने येणारा संघ तिसऱ्या फेरीत पोचला की पुढे कितीही हरला, तरी कॉन्फरन्स लीगची, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्या युरोपीय स्पर्धेची, गटसाखळी त्याला मिळायचीच. म्हणजे हेकनवर मात केली की इतिहास नक्की. घरी पुन्हा ०-०. दुसरा सामना गोथेनबर्गला. १२० मिनिटांनंतर ३-३. मग पेनल्टी. केआयने त्या ४-३ अशा जिंकल्या. फॅरोचा क्लब युरोपच्या गटसाखळीत! आजवर असं कधी घडलं नव्हतं.

त्या दिवसांत मला सारखा एकच विचार येत होता. ज्या पोरांनी बुडापेस्ट आणि गोथेनबर्ग जिंकलं, ती आठवड्याच्या शेवटी परत आपल्या लीगचा सामना खेळायला उतरत होती. युरोपात दिसलेला धीर याच साध्या लीगने घडवला होता. वारा असताना चेंडू जमिनीवर ठेवून खेळायचा, शेवटच्या मिनिटापर्यंत बचावाची रांग मोडायची नाही, सेट पीस, म्हणजे फ्री किक किंवा कॉर्नर, मिळाला की सोडायचा नाही, ही शिकवण प्रत्येक शनिवार-रविवारी तिथल्या छोट्या मैदानांवर मिळत होती. आकडेवारी सांगणारे लोक या लीगला युरोपच्या क्रमवारीत खालच्या भागात ठेवतात. त्या क्रमवारीत नव्वद मिनिटांची चिवट झुंज मोजली जात नाही.

पुढचा टप्पा थोडक्यात. नॉर्वेच्या मोल्डेला, म्हणजे होसेट जिथे स्वतः खेळला त्या क्लबला, घरी २-१ असं हरवलं. परतीच्या सामन्यात जादा वेळेत २-० ने हार पत्करली. मोल्दोवाच्या शेरिफशी एक बरोबरी, एक पराभव. मग गटसाखळी: फ्रान्सचा लील, स्लोव्हाकियाचा स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा, स्लोव्हेनियाचा ऑलिम्पिया ल्युब्लियाना. घरचे सामने तोर्शाव्नच्या तोर्सव्होलुरवर, कारण क्लाक्सविकचं मैदान युरोपच्या निकषांत बसत नव्हतं. तिथे ऑलिम्पियाला ३-० असं हरवलं आणि लीलला ०-० वर रोखलं. लील! फ्रान्सच्या पहिल्या लीगमध्ये २०२१ साली पॅरिसच्या संघाला मागे टाकून विजेता ठरलेला क्लब. गटात केआय शेवटचा आला, चार गुण घेऊन. मला ते चार गुण कुठल्याही चषकाएवढे मोलाचे वाटतात.

लीगही त्यांनीच जिंकली, सलग तिसऱ्यांदा. एवढा प्रवास, एवढे सामने, आणि तरी घरचं विजेतेपद हातचं जाऊ दिलं नाही. इतर देशांत युरोपात खेळणारे क्लब घरच्या लीगमध्ये दमलेले दिसतात. इथे देशातला हंगाम ऑक्टोबरात संपला आणि केआय डिसेंबरपर्यंत युरोपात खेळत राहिला, तेही बाकी सगळ्या क्लबांचा सराव थांबलेला असताना.

इथे माझ्या मनात एक काळजी आहे आणि ती मी लपवणार नाही. गटसाखळीत प्रवेश मिळाला की त्या वर्षी फक्त सहभागाचे २९ लाख ४० हजार युरो मिळत होते. त्या वेळच्या दराने साधारण २६ कोटी रुपये. विजय आणि बरोबरीचे पैसे वेगळे. पाच हजार वस्तीच्या गावातल्या क्लबसाठी हा ढीग आहे. आता शेजारच्या गावातला हुशार मुलगा सोळाव्या वर्षी आपल्या क्लबात राहील की क्लाक्सविकला जाईल? युरोपातल्या अनेक छोट्या देशांत असंच झालं आहे. एका क्लबच्या हाती पैसा आला, बाकी मागे पडले, आणि लीगचा निकाल मार्चमध्येच माहीत असल्यासारखा झाला. फॅरोमध्ये असं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. दहा गावांना आपली लीग वाटत असेल तरच तिचा विजेता बुडापेस्टमध्ये टिकतो.

प्रवासही बदलतो आहे. क्लाक्सविक आणि लेर्विक यांच्यामध्ये २००६ पर्यंत बोटच होती, मग समुद्राखालून बोगदा झाला. डिसेंबर २०२० मध्ये दुसरा बोगदा उघडला, अकरा किलोमीटरचा, आणि त्याच्या मधोमध चक्क समुद्राच्या तळाखाली वाहनांसाठी गोल चौक आहे. तोर्शाव्नहून रूनाविकला जायला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागायचा, आता सोळा-सतरा मिनिटं पुरतात. खेळाडू एका गावात राहून दुसऱ्या गावात सराव करू शकतो. याने लहान क्लबांचं बळ वाढेल की मोठ्यांना निवड सोपी होईल? दोन्ही शक्य आहे.

या काळजीला एक उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. २०२४ चं विजेतेपद केआयला मिळालं नाही. ते मिळालं व्हिकिंगुरला. व्हिकिंगुर हा क्लब २००८ साली दोन जुन्या क्लबांच्या विलीनीकरणातून तयार झाला: गोताचा जीआय आणि लेर्विकचा लीफ. लेर्विक म्हणजे त्याच बोगद्याच्या तोंडाशी असलेलं गाव, जिथून पूर्वी क्लाक्सविकला बोट सुटायची. ज्या शेजाऱ्याकडे केआयच्या तुलनेत पैसा कमी होता, त्यानेच चषक उचलला. २०२५ मध्ये केआयने तो परत घेतला. दोन्ही वर्षी मी सामने बघताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवलं होतं, ती म्हणजे गुणतक्त्यात पहिल्या आणि चौथ्या-पाचव्या संघांमधलं अंतर. ते वाढत नाही ना, हे यापुढेही बघत राहणार आहे.

तुमच्यापैकी कुणाला ही लीग पाहावीशी वाटली, तर मार्चमध्ये सुरुवात करा. पहिले काही आठवडे हवा खराब असते, गोलही कमी होतात, पण संघ कोण कुठे उभा आहे हे तेव्हाच समजतं. जून-जुलैत रात्री उशिरापर्यंत उजेड असतो. आणि व्हिकिंगुर-केआय सामना लागला तर तो चुकवू नका.

नमस्कार.